झाडं करपतायत आणि मीटरही पळतोय: वाळवंटी हवेतल्या बागेची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

वाळवंटी हवेत घराभोवती बाग राखणाऱ्यांची एक तक्रार मी पुन्हापुन्हा निस्तरत आलो आहे. पाणी वाढवलं तरी झाडं मलूलच, आणि पाण्याचा वापर मात्र दर महिन्याला चढता. या दोन वेगळ्या अडचणी वाटतात, पण बहुतेक घरांत दोन्हींचं मूळ एकच निघतं: पाणी कमी पडत नसतं, ते भलत्या जागी, भलत्या खोलीवर किंवा भलत्या वेळी जात असतं. म्हणून खालची तपासणी होईपर्यंत ठिबकच्या टायमरवरची मिनिटं वाढवू नका, ही पहिली विनंती.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत. मधला भाग मात्र हिरवा.
- शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, त्यांच्या शिरा हिरव्या.
- दुपारी मान टाकलेलं झाड दुसऱ्या दिवशी सकाळीही सावरत नाही.
- माती ओली असूनही पानं गळतात. खोडाशी शेवाळ, चिलटं, कुबट वास.
- एकाच लाइनीवरचं एक झाड टवटवीत आणि शेजारचं वाळलेलं.
- मातीवर पांढरी पूड, ड्रिपरच्या (ठिबकच्या नळीवर थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तुकड्याच्या) तोंडाशी पांढरा खडा.
- जमिनीत पुरलेल्या व्हॉल्व्हच्या पेटीत कायम पाणी साचलेलं.
- घरात माणसं तेवढीच, सवयी त्याच, तरी वापर वाढलेला.

सकाळी बघा, दुपारी नाही

पारा चाळिशीपार गेला की निरोगी झाडही दुपारी मान टाकतं. पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना त्या घटकेला उचलता येत नाही, म्हणून पानं लोंबतात. हा आजार नव्हे. तेच झाड सूर्योदयाच्या सुमारास बघा. पानं ताठ असतील तर पाणी पुरतंय. सकाळीही लोंबलेलीच असतील तर पुढे चला.

पान हातात घेऊन चुरगाळा. तहानलेल्या झाडाचं पान निस्तेज, राखाडी छटेचं, आत वळलेलं असतं आणि चुरगाळल्यावर मोडतं. जास्त पाण्याने बेजार झालेल्या झाडाचं पान मऊ, पिवळट असतं. कधी कधी ते हिरवं असतानाच गळून पडतं. हा फरक महत्त्वाचा, कारण दोन्ही झाडं लांबून सारखीच सुकलेली दिसतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि मग चिखलात उभं असलेलं झाडही तहानेने मरतं. अशा झाडाला आणखी पाणी घातलं की ते लवकर जातं.

गज खुपसून बघा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. साधारण एक सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांब, गुळगुळीत लोखंडी गज घ्या. पाणी देऊन एक दिवस झाला की फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या कडेला, ड्रिपरच्या जवळ, गज सरळ खाली दाबा. ओल्या मातीत तो थोड्या जोराने सरकत जातो आणि कोरडी माती लागली की अडतो. अडला तिथे जमिनीच्या पातळीला गजावर चिमूट धरा, तशीच चिमूट धरून गज बाहेर काढा आणि मोजा. मध्येच दगड लागू शकतो, म्हणून एका झाडाभोवती तीन-चार ठिकाणी तरी बघा.

ओल किती खोल हवी? जमिनीलगत पसरणारी झाडं, हंगामी फुलं आणि निवडुंग यांना सुमारे ३० सेंमी, झुडपांना ६० सेंमी, वृक्षांना ९० सेंमी. रोज दहा-पंधरा मिनिटं ठिबक चालवणाऱ्या बागेत गज बहुधा वीतभर जाऊन अडतो. याचा अर्थ असा की मुळं त्या वीतभर ओलीच्या मागे लागून वर आली आहेत, आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी तापणारा, सगळ्यात आधी वाळणारा थर तोच असतो. एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं आणि मालकाला वाटतं, झाडाला रोज पाणी लागतंच. झाडाला ती सवय आपणच लावलेली असते.

उलट गज सहज ९० सेंमी खाली गेला आणि झाड तरीही सुकतंय, तर पाणी थांबवा. पुढचं पाणी कधी द्यायचं हेही माती सांगते. झुडपाजवळ खुरप्याने दहा-बारा सेंमी उकरा, मूठभर माती दाबून गोळा करा. बोटांना पाणी लागलं तर अजून थांबा. गोळा वळतो पण बोटाच्या टिचकीने फुटतो, म्हणजे वाफसा आहे. तरीही पाण्याची घाई नको. गोळा वळतच नाही, माती भुरभुर सुटते, तेव्हा पाणी द्या. नुकत्याच लावलेल्या रोपाला हा हिशोब लागू नाही. त्याची मुळं अजून कुंडीतल्या गोळ्यातच असतात आणि भोवतालची माती ओली असली तरी तो गोळा एकटा वाळून जातो. तिथे गोळ्यातच बोट घालून बघावं लागतं.

टायमर उघडून सगळे कार्यक्रम वाचा

यालाही खर्च नाही, आणि वाढलेल्या वापराचं कारण मला सर्वात जास्त वेळा इथेच सापडतं. तीन गोष्टी बघा.

पहिली, सुरू होण्याच्या वेळा. बऱ्याच टायमरमध्ये 'सुरू होण्याची वेळ' ही अख्ख्या कार्यक्रमाची असते, एकेका व्हॉल्व्हची नसते. वेळ झाली की सगळे व्हॉल्व्ह एकामागून एक चालतात. ज्यांना हे ठाऊक नसतं ते चार व्हॉल्व्हसाठी चार वेळा भरून ठेवतात, आणि मग अख्खी बाग रोज चार वेळा भिजते. दुसरी, विसरलेला कार्यक्रम. ए, बी, सी असे कार्यक्रम असतात. बसवणाऱ्याने चाचणीसाठी बी भरलेला असतो आणि तो गुपचूप पहाटे चालू राहतो. तिसरी, आतली बॅटरी. ती मेलेली असेल आणि वीज गेली, तर अनेक टायमर आपली मांडणी विसरतात आणि कारखान्यातून आलेल्या मूळ कार्यक्रमावर परततात. तो बहुधा रोजचा असतो. वीज येऊन-जाऊन असणाऱ्या भागात ही बॅटरी वर्षातून एकदा बदलून टाकावी.

मग ऋतू. कडक उन्हाळ्यात वाळवंटी हवा दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी ओढून घेते, थंडीत साधारण २ ते ३. म्हणजे जूनची मांडणी डिसेंबरपर्यंत तशीच राहिली तर झाडाला गरजेच्या तिप्पट-चौपट पाणी जातं. उन्हाळ्याचं अंतर आणि थंडीचं अंतर वेगळं ठेवा. चांगली रुजलेली वाळवंटी झाडं, म्हणजे शमी, बाभूळवर्गातले वृक्ष, उन्हाळ्यात १ ते ३ आठवड्यांनी एकदा खोल पाणी मिळालं तर खुश असतात. थंडीत महिन्या-दोन महिन्यांनी पुरतं. मिनिटं फारशी हलवू नका, दिवसांचं अंतर हलवा. ओल नेहमी तेवढीच खोल जायला हवी. बदलायचं ते दोन पाण्यांमधलं अंतर.

वेळ पहाटेची. तेव्हा वारा पडलेला असतो, माती थंड असते आणि पाणी उडून जाण्याआधी खाली उतरतं.

मीटर बघा, मग घर आणि बाग वेगळी करा

रात्री सगळ्या तोट्या, मशीन, कूलर, टायमर बंद करून मीटरचा आकडा टिपा. दोन तासांनी पुन्हा बघा. काही मीटरवर एक छोटी चकती किंवा त्रिकोण असतो, तो अगदी बारीक प्रवाहालाही फिरतो. तो फिरत असेल तर दोन तास थांबायचीही गरज नाही. छतावर टाकी असेल तर टाकीत येणारं पाणी बंद करा, आत पातळीवर खडूने रेघ ओढा आणि सकाळी रेघ बघा.

आकडा हलला तर बागेकडे जाणारा मुख्य कॉक बंद करून तीच तपासणी पुन्हा करा. आता थांबला, तर गळती बागेत. अजून हलतोय, तर घरात. या एका पायरीने निम्मं काम होतं. ती न करता लोक बाग खणत बसतात आणि पाणी वाहत असतं न्हाणीघरात.

घरातल्या गळतीत पहिला संशय फ्लश टाकीवर. टाकीत खाण्याचा रंग चमचाभर घाला आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबरी झाकण झिजलंय. ही गळती आवाज करत नाही, दिसतही नाही, आणि दिवसाला शेकडो लिटर नेऊ शकते. रबर बदलणं हे घरच्या घरी होणारं, स्वस्त काम आहे. रंग उतरला नाही तर आतली पाण्याची पातळी बघा. मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी येत असेल तर ते सतत त्या नळीतून वाहून जातं. फ्लोट जरा खाली घ्या.

दुसरा संशय कूलरवर. कोरड्या हवेत बाष्पीभवनावर चालणारे कूलर महिनोन्महिने चालतात, आणि त्यांच्या फ्लोटवर क्षार बसला की तो पूर्ण मिटत नाही. जादा पाणी नळीवाटे छतावर किंवा गटारात जातं आणि कुणाच्या नजरेस पडत नाही. टाकीच्या बॉलकॉकचंही तेच. ठिबकणाऱ्या तोटीला हलकं समजू नका: सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर. वायसर बदलला की काम होतं.

ठिबकची लाइन

आता हात मळवायची वेळ. दिवसाउजेडी एकेक व्हॉल्व्ह हाताने चालू करून लाइनीबरोबर चाला. कान उघडे ठेवा, कारण फुटलेली नळी दिसण्याआधी ऐकू येते. उंदीर, खारी तहानेपोटी नळी कुरतडतात, तेही आच्छादनाखाली.

एकाच लाइनीवरचं एक झाड वाळलेलं असेल तर ड्रिपर मोजा. ४ लिटर प्रतितासाच्या ड्रिपरखाली पेला ठेवला तर तीन मिनिटांत २०० मिलि पाणी भरायला हवं. ५० मिलि भरलं, तर तुमचा टायमर कितीही चालो, त्या झाडाला चौथाईच पाणी मिळतंय. अशा वेळी मालक लाइनीची मिनिटं वाढवतो: वाळलेलं झाड जेमतेम जगतं, शेजारची सगळी बुडतात. दुखणं एका ड्रिपरचं असतं, औषध मात्र अख्ख्या बागेला दिलं जातं.

तुंबलेला ड्रिपर उपटून उन्हात धरा. तोंडाशी पांढरा, दगडासारखा थर दिसला तर तो चुना. पाणी जिथे हवेला लागून उडतं तिथेच तो जमतो, म्हणून बाहेरच्या तोंडावर जास्त आणि आत कमी असतो. ज्यांची झाकणं उघडतात ते ड्रिपर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून साफ होतात. न उघडणारे बदलून टाका, त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आत तपकिरी गाळ निघाला तर दोष वरच्या फिल्टरचा आहे. जाळी काढून धुवा. फाटली असेल तर नवी बसवा, कारण फाटकी जाळी असून नसल्यासारखीच. मग लाइनीच्या टोकाची बुचं काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. सुरुवातीला चहासारखं पाणी येतं, बारीक वाळू येते. हे वर्षातून दोनदा तरी करावं.

सगळेच ड्रिपर उडत असतील, फिटिंग निखळत असतील, तर दाब जास्त आहे. बहुतेक ठिबक साधारण १ ते २ बारवर चालतं आणि घराच्या लाइनीत दाब त्याहून बराच जास्त असू शकतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर निकामी झालाय का, किंवा बसवलेलाच नाही का, ते बघा.

टायमर बंद असूनही लाइनीतून झिरप चालू असेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या आतल्या रबरी पडद्याखाली वाळूचा कण अडकलेला असतो. पाणी बंद करून वरचे स्क्रू काढा, पडदा धुवा, कडेला चीर आहे का पाहा, तसाच परत बसवा. स्प्रिंग कुठल्या बाजूला होती याचा उघडण्याआधी फोटो काढून ठेवा.

ड्रिपर झाडाच्या कुठे आहेत?

नळ्या ठणठणीत, टायमर बरोबर, तरी मोठं झाड सुकतंय, असं असेल तर ड्रिपर खोडाला चिकटून आहेत का बघा. लागवडीच्या वेळी ते तिथेच हवे होते. पण झाड वाढलं, फांद्या चार मीटर पसरल्या, आणि पाणी शोषणारी मुळंही घेराच्या कडेपर्यंत आणि त्यापलीकडे गेली. ड्रिपर मात्र तिथेच राहिले. परिणाम दुहेरी: मुळं कोरडी आणि खोडाचा बुंधा कायम ओला, कुजायला तयार. दर एक-दोन वर्षांनी ड्रिपर बाहेर सरकवा आणि त्यांची संख्या वाढवा. पण घराच्या भिंतीपासून किमान मीटरभर लांब ठेवा. पायाशी मुरणारं पाणी काही मातींना फुगवतं आणि भिंतीला तडे जातात.

किती पाणी लागतं याचा हिशोब घरी करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. फांद्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मीटर पसरलेल्या झाडाखाली साधारण १२.५ चौरस मीटर जागा येते. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर धरले आणि वाळवंटी जातीच्या झाडाला त्याच्या तीन दशांश पुरतं असं धरलं, तर दिवसाला ३० लिटर, दहा दिवसांचे ३००. चार लिटरचे आठ ड्रिपर तासाला ३२ लिटर देतात, म्हणजे दहा दिवसांतून एकदा नऊ-साडेनऊ तास. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण रोज पाऊण तास आणि दहा दिवसांनी साडेसात तास यांची बेरीज एकच येते. त्यात आणि या हिशोबात फार अंतर नाही. फरक पडतो तो ओल किती खोल गेली यात. पाणी वाहून जायला लागलं तर तेवढेच तास दोन-तीन हप्त्यांत द्या, आणि शेवटी गजाला विचारा. आकडा हा सुरुवातीचा अंदाज आहे, निकाल गजाचा.

पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचं पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन घाला, खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडा. नुसती खडी बाष्पीभवन थोडं रोखते, पण तापून रात्रीही उष्णता सोडत राहते. कोवळ्या झुडपांना ती सोसत नाही. सुकलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात खत घालू नका आणि झुडपांना कापून गोल गोळेही बनवू नका. दोन्हींमुळे नवी कोवळी पालवी फुटते आणि ती जास्त पाणी मागते.

कडा करपतायत: क्षार

वाळवंटी भागातलं पाणी बहुधा जड असतं. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेला क्षार, ५०० मिलिग्रॅम असेल तर दर १००० लिटर पाण्याबरोबर अर्धा किलो क्षार मातीत येतो. पाणी उडून जातं, झाड पिऊन टाकतं, क्षार मागे राहतो. वरच्या हिशोबातलं झाड पाच महिन्यांच्या उन्हाळ्यात साडेचार हजार लिटर घेतं, म्हणजे सव्वादोन किलो क्षार एकाच आळ्यात. रोज थोडंथोडं पाणी देणाऱ्या बागेत तो मुळांच्याच थरात साठतो. खोल पाणी त्याला मुळांखाली ढकलतं. म्हणून कडा करपलेल्या दिसल्या तर वर्षातून दोन-तीनदा नेहमीच्या दीडपट-दुप्पट पाणी एकदाच, अगदी सावकाश द्या. निचरा होत असेल तरच. ती तपासणी पुढे आहे.

यातच एक गोष्ट सांगतो जी सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ठिबकमुळे ओल्या भागाच्या कडेला क्षाराचं कडं तयार होतं. चार थेंबांची सर आली की ते विरघळून आत मुळांकडे येतं. म्हणून हलक्या पावसाच्या दिवशी ठिबक बंद करू नका, उलट चालू ठेवा. दणकून पाऊस झाला तरच बंद करा.

घरातलं पाणी बागेत वळवताना भेद करा. जड पाणी मऊ करणारं यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतं. ते पाणी झाडांना नको, मातीलाही नको, ती घट्ट होते. बागेची जोडणी त्या यंत्राच्या आधीच्या पाइपवरून हवी. आरओमधून बाहेर टाकलेल्या पाण्यात सगळा क्षार एकवटलेला असतो. त्याने फरशी पुसा, अंगण धुवा, झाडांना घालू नका. कूलरच्या टाकीतलं जुनं पाणीही तसंच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, कुंड्यांना उत्तम. कपडे धुतलेलं पाणी वृक्षांना चालतं, पण साबणात सोडियम आणि बोरॉन कमी असेल तर. ते साठवून ठेवू नका, त्याच दिवशी वापरा, आणि भाजीच्या वाफ्याला लावू नका. फवाऱ्याने पानांवर जड पाणी उडवणं टाळा, थेंब वाळले की पानावर क्षार उरतो आणि डाग पडतात.

कोवळी पानं पिवळी: लोह

शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, असा केवडा पडला असेल तर लोह कमी पडतंय. लिंबूवर्गीय झाडं आणि बॉटलब्रश यांवर तो लवकर दिसतो. बहुधा मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीच्या, विम्लधर्मी मातीत ते मुळांना उचलता येत नाही. आणि माती सतत ओली असेल तर आणखीच येत नाही. म्हणून आधी पाण्याचं अंतर वाढवा. कित्येक झाडं एवढ्यावरच हिरवी होतात. तरी फरक नाही पडला तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, मुळांशी द्या. साधं हिराकस (फेरस सल्फेट) अशा मातीत लवकरच निरुपयोगी होतं. ईडीडीएचएची पूड फरशीवर सांडली तर लालसर डाग पडतो, तेवढं सांभाळा. जुनी, खालची पानं आधी पिवळी होत असतील तर तो वेगळा आजार, बहुधा नत्राची कमतरता. त्याला लोहाने उतारा पडणार नाही.

निचरा आणि चुनखडीचा थर

सगळ्यात कष्टाची तपासणी शेवटी. गज प्रत्येक ठिकाणी साधारण त्याच खोलीवर ठण्ण वाजून थांबत असेल, तर खाली चुन्याने बांधला गेलेला कठीण थर असू शकतो. कोरड्या प्रदेशांत कॅल्शियम कार्बोनेट साठून तो तयार होतो आणि कधी सिमेंटइतका घट्ट असतो. खड्डा खणा, तो थर लागेपर्यंत किंवा अर्धा मीटरपर्यंत. एकदा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि मोजा. चार तासांत पातळी निदान दहा सेंमी उतरली तर निचरा चालण्याजोगा आहे. नाही उतरली, तर तिथे लावलेलं झाड बंद टाकीत उभं आहे असं समजा. क्षारही धुऊन निघणार नाही आणि मुळंही कुजतील. पातळ थर पहारीने फोडून आरपार भोक पाडता येतं. जाड असेल तर झाडाची जागा बदला किंवा उंच वाफा करा. जिप्सम या थराला काही करत नाही. तो सोडियमने बिघडलेल्या मातीसाठी आहे, आणि तोही माती तपासून घेतल्यावरच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बागेचा कॉक बंद करूनही मीटर फिरतोय, फ्लश, कूलर, टाकी सगळं ठीक आहे, आणि फरशीवर एखादी जागा विनाकारण कोमट किंवा ओलसर लागते, तर गळती फरशीखालच्या पाइपात आहे. फरशी फोडू नका, गळती शोधण्याची साधनं असलेला प्लंबर बोलवा. टायमरला येणाऱ्या मुख्य विजेच्या तारेला हात लावू नका. व्हॉल्व्हकडची २४ व्होल्टची बाजू वेगळी आणि ही वेगळी. बागेचं पाणी पिण्याच्या लाइनीत उलटं येऊ न देणारा झडपेचा भाग बिघडला असेल, किंवा सांडपाण्याची कायमची पाइपलाइन बागेत वळवायची असेल, तर तेही परवान्याच्या माणसाकडूनच करून घ्या, कारण चुकलं तर विष पिण्याच्या पाण्यात येतं. पहारीने खोल खणण्याआधी गॅस आणि विजेच्या पुरलेल्या लाइनी कुठून जातात ते ठाऊक नसेल, तर खणू नका.

झाडांत: खजुराचा मधला शेंडा लोंबला, किंवा खोडातून भुसा आणि आंबट वासाचा चिकट द्रव येतोय, तर सोंड्या भुंग्याचा संशय धरून त्याच दिवशी झाडांच्या जाणकाराला दाखवा, उशीर झाला की शेजारची झाडंही जातात. उंच खांबी निवडुंगातून काळा, दुर्गंधी द्रव वाहत असेल तर त्याच्याखाली कुणाला जाऊ देऊ नका, पूर्ण वाढलेला सग्वारो काही टन वजनाचा असतो. मोठा वृक्ष एकाएकी कलला, बुंध्याशी छत्र्या उगवल्या, किंवा भर उन्हाळ्यात सगळी पानं फांदीवरच अचानक वाळली, तर पाण्याचे प्रयोग थांबवा.

बोलावलेल्या माणसाच्या हाती चार गोष्टी द्या: मीटरचे दोन आकडे वेळेसकट, टायमरच्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो, कुठल्या झाडापाशी गज किती खोल गेला याची नोंद, आणि एक जुनं व एक कोवळं पान. बाकी सगळं ठीक करून तुम्ही वाट बघत असाल, तर करपलेली पानं परत हिरवी होत नाहीत हे लक्षात असू द्या. नजर नव्या पालवीवर ठेवा. उबेच्या दिवसांत तीन-चार आठवड्यांत डोळे फुटायला हवेत. नाही फुटले तर बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे, अंतर तसंच ठेवून आणखी वाट बघा. तपकिरी आणि कोरडं निघालं तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली खरवडत या, आणि ऊन उतरल्यावर तिथून छाटा.